बाहेरून दिसणारी खिडकी

जबाब

नाव : तक्रारीच्या कागदावर आहे तेच. गल्लीत 'शिवणवाल्या काकू' म्हणून ओळख. वय : त्रेसष्ट वर्षे. धंदा : शिवणकाम, शाळेचे गणवेश, आणि उरलेल्या वेळात गल्लीतली उसवलेली कामे. राहणार : बस डेपोच्या मागची गल्ली, पिठाच्या गिरणीला लागून असलेले बैठे घर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे यजमान असे दोघे राहत होतो. यजमान बसचे चालक होते व निवृत्त होऊन घरी होते. आम्हाला एक मुलगा असून तो बांधकाम परवानगीच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहे. तो पत्नीसह शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. यजमानांच्या मृत्यूबद्दल आमच्या घराचे काम केलेल्या मिस्त्रीविरुद्ध तक्रार त्याने दिली आहे. मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. कोणाच्या दबावाखाली बोलत आहे का, असे साहेबांनी विचारले. तर दबाव आणणारा माणूस आता घरात राहिलेला नाही.

आमचे घर यजमानांनी स्वतः उभे केले. ड्यूटी संपली की ते खाकी कपडे खुंटीला लावून विटा वाहायला जात. गवंड्याच्या हाताखाली राबले, म्हणून कोणती वीट कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे असे सांगत, आणि पाहुणा नवा असला तर थोडे जास्तच सांगत. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यात एकच भिंत आहे. बाथरूमची जमीन झिरपू लागली होती आणि ओल त्या भिंतीतून माझ्या डब्यांच्या फळीपर्यंत चढली होती. ओटाही बुटका होता. सासूबाई माझ्यापेक्षा वीतभर ठेंगण्या होत्या आणि ओटा त्यांच्या मापाने बांधलेला होता, त्यामुळे माझी पाठ आयुष्यभर त्यांच्या मापाने वाकली. हे सगळे एकदाच नीट करून घ्यावे असे ठरले.

मुलाने अट घातली की काम करायचे तर परवानगी काढूनच. यजमानांचे म्हणणे असे की घर आपले, भिंत आपली, ओल आपली, यात तिसऱ्याचे काय काम. मुलगा म्हणाला, तो रोज लोकांचे नकाशे परत पाठवतो. उद्या त्याच्याच आईवडिलांनी न विचारता तोडफोड केली तर कार्यालयात म्हणतील, दिव्याखाली अंधार. शेवटी यजमानांनी अर्जावर सही केली. सही करताना कागदावर छापलेला एक शब्द त्यांनी मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ. माझ्याच घरात मी अर्जदार."

हे ते हसत म्हणाले. पण त्यानंतर पुष्कळ दिवस मुलाचा फोन आला की स्वतःला अर्जदारच म्हणत. अर्जदाराचे जेवण झाले, अर्जदाराचा गुडघा दुखतो आहे, अर्जदार झोपायला जातो. मुलगाही हसायचा. मला दोघांचे हसणे ऐकू येत होते, आणि हसण्याखाली जे होते तेही.

विचारल्यावरून सांगते की, नकाशात काय होते ते मला माहीत आहे. मुलाने एका रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्हा दोघांना समजावून दिले होते. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा खाली ठेवायची म्हणजे पाणी उंबरठा ओलांडत नाही. टाइल लावण्याआधी पाणी अडवणारा थर द्यायचा आणि पाणी भरून ठेवून तो तपासायचा. गॅसची नळी दिसायला वाईट दिसली तरी भिंतीत गाडायची नाही. स्वयंपाकघरातल्या पंख्याचे तोंड बाथरूमकडे काढायचे नाही. बाथरूमची खिडकी आहे तेवढीच राहील, तिच्या काचेच्या पट्ट्या कायम उघड्या, कारण ती बाहेरच्या हवेवर उघडली पाहिजे. दाराखाली फट हवी. आणि गॅसचा गीझर आतून काढून मागच्या बाजूला बाहेरच्या भिंतीवर टांगायचा, गरम पाण्याची नळी तेवढी आत आणायची.

यजमान प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, पण तक्रार करणाऱ्या प्रवाशाचे ऐकताना डोलावत तशी. नंतर म्हणाले, "बाहेर जन्मभर सिग्नल पाळले. निदान आंघोळीला तरी सिग्नल नको." मुलगा म्हणाला, "बाबा, सिग्नल कोणी तुमच्यावर राग म्हणून लावला होता का?" यजमानांनी बडीशेपेची डबी त्याच्यापुढे सरकवली.

एका गोष्टीवर मात्र त्यांनी वाद घातला नाही. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधली भिंत अर्धी पाडून मोकळे करावे असे त्यांच्या मनात होते. मुलगा म्हणाला, या भिंतीवर स्लॅब उभा आहे, हिला हात लावायचा नाही. यजमान उठले, भिंतीला तळवा लावून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, बरोबर आहे, राहू दे. यावर मी आता पुष्कळ विचार केला आहे. भिंतीवरचे ओझे त्यांना कळत होते, कारण त्या विटा त्यांनी स्वतः वाहिल्या होत्या. हवा कोणी वाहून आणलेली नसते. ती काही करते आहे असे वाटतच नाही.

कामाला जो मिस्त्री लावला तो दोन गल्ल्या सोडून राहतो. टाइल बसवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. नकाशातले त्याला फारसे कळत नव्हते, पण मुलाने आकडे लिहून दिले होते त्याबाहेर तो स्वतःहून गेला नाही. आधी स्वयंपाकघर झाले. ते सगळे कागदाप्रमाणे झाले. ओटा माझ्या मापाचा झाला. पहिल्या दिवशी सरळ उभी राहून स्वयंपाक केला तेव्हा सारखे वाटत होते की मी दुसऱ्या कोणाच्या घरात आले आहे.

नंतर बाथरूमचे काम सुरू झाले. माझे मशीन बाहेरच्या खोलीत असल्याने आतले बोलणे मला सगळे ऐकू येत असे.

बाथरूमची खिडकी गल्लीवर आहे. समोर नवी तीनमजली इमारत झाली असून तिचा जिना आमच्या खिडकीच्या तोंडावर येतो. यजमानांना आंघोळ करताना गाण्याची सवय होती. त्यांना गाता येत नव्हते, हेही लिहून घ्यावे, कारण पुढचे त्यावरून झाले. जिन्यात बसलेली मुले त्यांच्या गाण्याची पुढची ओळ म्हणत. एकदा कोणीतरी बसच्या घंटीचा आवाज काढून "पुढे चला, पुढे चला" असे ओरडले. यजमान बाहेर येऊन मला हसत सांगू लागले. पण त्यानंतर आठवडाभर आंघोळ मुक्याने झाली. शिवाय थंडीत त्या खिडकीतून पाठीवर वारा येतो ही त्यांची जुनी कुरकुर होतीच.

साहेबांनी विचारले की गीझर पूर्वीपासून आतच होता तर तेव्हा काही का झाले नाही. तर पूर्वीच्या खिडकीची काच फुटलेली होती आणि तिची झडप गंजून उघडीच अडकली होती. मी ती दुरुस्त करा म्हणून मागे लागत असे आणि यजमान आज करतो, उद्या करतो म्हणून टाळत असत. त्यांच्या त्या आळसावर आम्ही इतकी वर्षे जगलो. आम्हाला वाटत होते की गीझर चांगला आहे. चांगली होती ती खिडकी.

खिडकीचे काम आले त्या दिवशी मिस्त्रीने पट्ट्या बसवायला घेतल्या तेव्हा यजमान आत गेले आणि ही खिडकी आतून बुजवून टाक म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "काका, दादांना विचारलंय ना?" आमच्या मुलाला तो दादा म्हणतो. यजमान म्हणाले, "दादा ऑफिसात दादा. इथे काका आहे." मिस्त्रीने हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला की कागदावर तर खिडकी आहे. त्यावर यजमान जे बोलले ते मी शब्दाशब्दाने सांगते. ते म्हणाले, "नकाशा बरोबर आहे. माझ्या पोराने काढलाय, तो चुकायचा नाही. पण इथे अंग मला धुवायचंय. त्याला मी सांगेन. तू बोलायचं नाहीस, शब्द दे." मिस्त्रीने शब्द दिला. वडीलधाऱ्या माणसाने दुसऱ्यांदा सांगितल्यावर आपल्याकडे कोण नाही म्हणतो?

त्याप्रमाणे आतल्या बाजूने विटांचा एक थर घालून त्यावर टाइल लावली. बाहेरच्या बाजूची चौकट आणि काचेच्या पट्ट्या मात्र बसवल्या, त्या यजमानांच्या सांगण्यावरून. मुलगा गल्लीतून येताना खिडकीकडे बघतो, त्याच्या जिवाला उगाच घोर नको, असे ते म्हणाले. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला खिडकी दिसते आणि आत गेले की भिंत. मुलगा तक्रारीत म्हणतो ती फसवणूक हीच. ती मिस्त्रीची नाही.

मी मध्ये पडले नाही. मला ती भिंत आवडली होती. मिस्त्रीलाही आवडली होती. एकही तुकडा न कापता अख्ख्या टाइलची एवढी भिंत फार दिवसांनी मिळाली असे तो म्हणाला. आम्ही तिघे चहाचे कप घेऊन तिच्यासमोर उभे होतो. कपडा बेतताना मी शिवणीत माया, म्हणजे जास्तीचे कापड, सोडते. ती आतल्या बाजूला जाते, कोणाला दिसत नाही, आणि नवशिक्याला वाटते की कापड फुकट घालवले. हे मला रोज कळते. त्या भिंतीसमोर उभी असताना कळले नाही.

गीझर आधी नकाशाप्रमाणे बाहेरच टांगला होता. पण नळीतले पहिले पाणी थंड येई आणि गरम येईपर्यंत अर्धी बादली वाया जाई. यजमानांना पाणी वाया गेलेले सोसत नसे. त्यांनी मिस्त्रीकडून तो परत आत जुन्या जागी लावून घेतला. दारही बिनफटीचे आणले. ते इतके चपखल बसले की ओढून लावले की आतला पाण्याचा आवाजही कमी येई. ते दार शेवटच्या आठवड्यात बसले. तोपर्यंत जुने, खालून कुजलेले दार होते आणि काही झाले नव्हते.

यजमान मूर्ख नव्हते, हे लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे. जबाबात असे लिहीत नाहीत असे साहेब म्हणाले. मी म्हटले, मग मी पुढे सांगणार नाही. तेव्हा त्यांनी लिहून घेतले. डेपोत बंद शेडमध्ये कोणी इंजिन चालू ठेवले तर यजमान त्याच्या अंगावर धावून जात. धूर दिसला नाही तरी माणूस झोपल्याजागी जातो, हे त्यांनी किती नव्या चालकांना शिकवले असेल. पण गीझरही जाळ जाळतो आणि त्यालाही श्वास लागतो, हे त्यांच्या डोक्यात आले नाही. शेड ती शेड आणि घर ते घर. डेपोत जे माहीत होते ते खाकी कपड्यांबरोबर बाहेरच्या खुंटीवर राहत असावे.

खरे कारण मी सांगते. वारा, जिन्यातली मुले, वाया जाणारे पाणी, ही सगळी खरी कारणे आहेत. पण त्यांना मुलाने नाही म्हटलेले लागले होते. परक्या साहेबाने हाच नियम सांगितला असता तर यजमानांनी तो कुरकुरत का होईना पाळला असता. घरातल्या माणसाने सांगितला की तो नियम राहत नाही, त्याचा हट्ट वाटतो. मग आपणही हट्ट धरतो. ज्याला आपण बोट धरून रस्ता ओलांडायला शिकवले त्याने आपल्याला थांबा म्हणावे, हे पटायला वेळ लागतो. त्यांना लागलाही असता. ते रागाने नव्हे, खोडी काढावी तसे करत होते. काम झाल्यावर एकदा मुलाला आंघोळीला आत पाठवायचे आणि बाहेर आला की विचारायचे, वारा लागला का रे, असे त्यांनी ठरवले होते. मला ते दोनदा सांगून दोनदा हसले. मुलगा त्या दाराआड गेला असता, हे मला अलीकडे मधूनच आठवते आणि मग मी मशीन थांबवते.

काम संपत आले असताना मुलगा एकदा येऊन गेला. फरशी ओली आहे, पाय टाकू नकोस, असे सांगून यजमानांनी त्याला बाथरूमच्या दारातूनच परतवले. नंतर फोनवर सगळे नकाशाप्रमाणे झाले असे सांगितले. मुलाने बरं म्हटले. मी शेजारी बसून काज करत होते.

घटनेच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास यजमान आंघोळीला गेले. थंडी होती. मला शाळेचे गणवेश त्या दिवशी द्यायचे होते म्हणून मी मशीनवर बसले होते. ते आत गात होते. आता कोणी ऐकत नाही म्हणून मोठ्याने गात होते. मग गाणे थांबले. पाण्याचा आवाज बारीक येत राहिला. एरवी आंघोळ लांबली की मी दार वाजवते आणि पाणी काय बापाचे आहे का म्हणून विचारते. त्या दिवशी मी एक बाही लावून मग बघू असे म्हटले. बाही लावून झाल्यावर हाक मारली. नंतर पुन्हा हाक मारली. दार वाजवले. मग मी गिरणीवाल्याला बोलावले व त्याने पहारीने कडी उचकटली. यजमान त्या भिंतीला टेकून बसलेले होते. चेहरा तांबूस होता, बरे वाटत असलेल्या माणसासारखा. गीझर चालू होता. गिरणीवाल्याने त्यांना बाहेर ओढले आणि मी गीझर बंद केला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून ते आधीच गेल्याचे सांगितले. गणवेश मी नंतर पोहोचते केले.

मुलगा त्याच दिवशी दुपारी बाथरूममध्ये गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा एवढेच म्हणाला, "त्या मिस्त्रीने खिडकी बुजवलीय." पुढे म्हणाला की बाबांना काहीतरी सांगून त्याने फसवले असणार, आपले काम सोपे व्हावे म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही. घरात माणसे होती. त्यानंतर चार-पाच संध्याकाळी सांगायचे ठरवले. प्रत्येक वेळी तो टेबलावर नकाशा पसरून बसलेला असे आणि एकाच खिडकीच्या मापावर पट्टी धरून असे. त्याला वाटत होते की आपले काहीतरी चुकले असावे. मी त्याच्यासमोर चहा ठेवून परत येत होते. सांगावे तर त्याच्या मनातले बाबा जातात, न सांगावे तर मिस्त्री जातो. मी घरात या दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालत होते.

आज सकाळी मिस्त्रीची बायको माझ्या दारात आली. तिने मला काही मागितले नाही, दोष दिला नाही, आतही आली नाही. पायरीवर बसून म्हणाली, "काकू, काल त्यांना ठाण्यात नेलं. ते काहीच बोलत नाहीत. मलाही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, काकांनी सांगितलंय, मी बोलेन, तू बोलू नकोस." मग म्हणाली, "काकू, काका आता कुठून बोलणार?"

मी मशीनवर झाकण घातले आणि तिच्याबरोबर इथे आले.

म्हणून मी लिहून देते की, खिडकी बुजवणे, गीझर आत घेणे व बिनफटीचे दार लावणे या तिन्ही गोष्टी माझ्या यजमानांनी स्वतःच्या मर्जीने, मिस्त्रीने विचारले असताना, करून घेतल्या. मिस्त्रीने शब्द दिला होता म्हणून तो गप्प आहे. यजमानांच्या वतीने मी त्याला त्या शब्दातून मोकळे करते. असे कायद्यात चालते की नाही ते साहेबांनी बघावे. मुलाचा नकाशा बरोबर होता. तो त्याच्या वडिलांनाही मान्य होता, हे वर सांगितले आहे, ते कृपया खोडू नये. माझी मिस्त्रीविरुद्ध काहीही तक्रार नाही.

माझी एक मागणी आहे. जबाब वाचून दाखवायची पद्धत आहे असे साहेब म्हणाले. तो मला वाचून दाखवताना माझ्या मुलालाही समोर उभे करावे. तो तक्रारीच्या कामासाठी आला असून बाहेर बाकावर बसला आहे. मला हे त्याला तोंडाने सांगता आले नाही.

पुरवणी : मागणीवरून मुलाला आत बोलावून वरील जबाब हवालदारांनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला. मुलगा उभा होता. बसा म्हटले तरी बसला नाही. अर्जदाराचा मजकूर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेले. खिडकीचा मजकूर आला तेव्हा त्याने हवालदारांना थांबवले आणि बाबा नक्की काय म्हणाले ते पुन्हा वाचा असे सांगितले. "माझ्या पोराने काढलाय, तो चुकायचा नाही" हे वाक्य पुन्हा वाचण्यात आले. त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला व उरलेले त्याने तसेच ऐकले.

वाचून झाल्यावर त्याने मला विचारले, "आई, हे घरी का नाही सांगितलंस?" मी म्हटले, "घरी तू माझं ऐकलं नसतंस. मला सांभाळत बसला असतास."

मग तो साहेबांना म्हणाला की मिस्त्रीला घरी जाऊ द्या, तक्रार चुकीच्या माणसावर झाली आहे, आणि आपल्याला नवा जबाब द्यायचा आहे. साहेबांनी विचारले, आता आणखी काय राहिले? मुलगा म्हणाला, "काम पूर्ण झालं की जागेवर जाऊन बघायचं असतं. ते बघितल्याशिवाय शेवटची सही होत नाही. सहकारी निघाला होता बघायला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, मी बघून आलोय, कर सही." साहेब म्हणाले, बघायला का गेला नाहीत? मुलगा म्हणाला, "गेलो होतो. दारापर्यंत गेलो होतो. फरशी ओली नव्हती, मला दिसत होतं. पण बाबांना बाजूला व्हा म्हणून त्यांचं काम तपासायचं, ते जमलं नाही."

हे मला माहीत नव्हते. माझ्या जबाबात त्याबद्दल काही नाही आणि मला काही घालायचेही नाही.

वरील मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, ऐकून पाहिला, बरोबर आहे. खाली सही केली, उठले आणि खुर्ची मुलाला दिली.